शेवंताकाकूची बिनझाकणाची देग

शेवंताकाकूच्या भिवया कायम पांढऱ्या. पिठानं. गिरणीतनं बाहेर आली की बारकी लेकरं भ्यायची. ती म्हणायची, भ्या, भ्या, भुतालाबी भाकर लागती.

माझी शाळा दुसरीपर्यंत, तीबी मास्तर आले तर. त्यामुळं जसं आठवतंय तसं सांगते. मागं-पुढं झालं तर समजून घ्या.

आमचं गाव लिंबागणेशच्या पल्याड. गल्लीच्या तोंडाला काकूची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर तिनं ती चालू केली. घर दुकानदारांचं, गळ्यात लिंग, सोमवारी उपास, आन् अशा घरची बाई पट्टा चढवून मशीन चालवती म्हून गावानं आधी नाकं मुरडली, मंग गुमान डबे आणून ठेवले. गिरणी चालू असली की काकू तोंडानं बोलत न्हवती. दोन बोटं चोळली की बारीक, मूठ दाखवली की जाडं, आन् पंजा तोंडावर धरला की गप बस. समदं गाव तिच्या खुणा वाचायचं.

दळण बघून तिला घर कळायचं. ज्वारीत खडे दिसले की म्हणायची, सासू-सुनंचं वाजलंय, निवडायला कुणी बसलं न्हाई. गव्हाचा डबा आला की म्हणायची, जावई येणार वाटतं. आन् कुणी बढाई मारायला लागलं की तिचं एकच ठरलेलं. चाळण उचलायची, दोनदा हलवायची आन् म्हणायची, "चाळून सांग."

तोंड लई फाटकं. पण एक सांगते. एका साली ऊस तोडून मी एकटीच माघारी आले. मालकाला तिकडं फडातच पान लागलं, साप चावला म्हंजी, आन् तो गेला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा कोयता हातात धरला, धरावाच लागतो. रडायला जागा न्हवती तिकडं, टोळीत समदे झोपडीला झोपडी लावून असतेत. गावी आले, घरातली ज्वारी बघितली तर किडून सोंडे झालेले. तीच घेऊन गिरणीत गेले आन् तिथं मला रडू फुटलं. काकूनं मशीन बंद केली न्हाई. वरडून म्हणली, "पट्ट्यापासून लांब हो आन् मंग रड. पदर गुतला तर गिरणी बंद पडंल, लोकं मला शिव्या देतील." मी भिताडाला टेकून रडले. आवाजात कुणाला ऐकू गेलं न्हाई. घरी येऊन डबा उघडला तर पीठ पांढरंशिप्पट, सोंड्याचं न्हवंच. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणली, "तुझी ज्वारी म्हशीला घातली. म्हशीला सोंडे आवडतेत."

अशी बाई. आता देगीचं सांगते.

निजामाचं राज्य व्हतं तव्हा रझाकार यायचे, गावं लुटायचे, माणसं मारायचे. मंग फौज आली आन् निजाम पडला. त्याला आमच्याकडं पोलिस ॲक्शन म्हणतेत. माझा जन्म पुढचा, मी ऐकलेलं सांगते. काकू मातर त्या टायमाला नऊ वर्सांची व्हती आन् लगीन होऊन या घरात आलेली व्हती. तिचे सासरे म्हंजी मोठेआप्पा. मोठ्याआप्पांचा नातू बाबूआप्पा, काकूच्या भायाचा, म्हंजी थोरल्या दिराचा, पोरगा. दोनदा सरपंच झाला, किराण्याचं दुकान हाय, आवाज मोठा हाय.

दर मुक्तिदिनाला झेंडा झाला की शाळंच्या व्हरांड्यात टेबल मांडायचे आन् टेबलावर एक तांब्याची देग ठेवायचे. एवढी मोठी की मधी लेकरू बसंल. तिला झेंडूचा हार, हळद-कुकू. काठावर उर्दूत काहीतरी कोरलेलं आन् पोटावर मराठीत मोठ्याआप्पांचं नाव. झाकण मातर न्हाई. मठाच्या भंडाऱ्याला तिच्यातच गावजेवणाची खिचडी शिजायची आन् वर परात उपडी घालायचे.

मंग बाबूआप्पा माईक धरायचा. आमच्या मोठ्याआप्पांनी तलवार घेऊन एकट्यानं रझाकार हाकलले आन् ही देग त्यांच्याकडून जिंकून आणली. माझं लगीन झालं तव्हा ते रझाकार सात व्हते. मंग वीस झाले. शेवटाला चाळीसवर गेले. काकू बायांच्या घोळक्यातनं म्हणायची, "बाबू, पाऊसपाणी न्हाई तरी तुझे रझाकार औंदा बरे पिकले की रं." लोकं हसायचे. बाबूआप्पा म्हणायचा, काकूचं आता वय झालंय.

बाबूआप्पाचा पोरगा सागर पुण्याला. लग्नाच्या शूटिंगी करायचा. त्यानं ठरवलं, पणज्यावर पिच्चर काढायचा. बाबूआप्पाला तर सण झाला. गावाच्या वेशीला मोठ्याआप्पांच्या नावाची कमान बांधायला काढली, कमानीचं उद्घाटन आन् पिच्चर एकाच दिवशी दाखवायचं ठरलं. त्याला पुढं तिकिटबी मागायचं व्हतं. जिल्हा परिषदेचं, पिच्चरचं न्हवं.

शूटिंगवाले आले. पहिल्या दिवशी रझाकार व्हायला कुणी तयार होईना. इज्जतीचा सवाल म्हणले. मंग कळलं की रझाकाराला घोड्यावर बसायला मिळतंय, तशी अर्ध्या गावाची रांग लागली. मोठ्याआप्पाचं काम करायला बीडहून एक धिप्पाड बाप्या आणला व्हता. त्याची मिशी घामानं सारखी गळायची, एक बाई डिंक घेऊन मागं पळायची. काकू दारातनं बघत व्हती. म्हणली, "सासऱ्याला मिशीच न्हवती. उगं डिंक कावून वाया घालवायलेत?" मलाबी काम मिळालं. डोस्क्यावर घागर घेऊन घाबरत पळायचं. सागरनं मला चारदा पळवलं. म्हणला, आजी, घाबरल्यासारखं वाटत न्हाई. म्हणलं, बाबा, घागर रिकामी हाय, हिला काय घाबरायचं.

असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या टायमाला सागर गिरणीत आला. माझं दळण चालू व्हतं, म्हून मी तिथंच व्हते. तो म्हणला, काकूआजी, तुमीच एकट्या तव्हाच्या राह्यल्यात. मोठेआप्पा तलवार घेऊन कुठं उभे व्हते तेवढं सांगा, मला तसंच दाखवायचंय.

काकूनं त्याच्याकडं बघितलं आन् हात वर करून खटका पाडला. माझी ज्वारी अर्धी दळलेली, अर्धी जात्यात. इतक्या वर्सांत तिनं मधीच मशीन बंद केलेली मी बघितली न्हवती. आवाज गेला तर कान बधिर झाल्यासारखे झाले.

ती म्हणली, "बळदात."

बळद म्हंजी दोन भिताडांच्या मधी धान्य साठवायची जागा, वरनं तोंड असतं. सागरला आधी कळंचना. मंग तिनं समदं सांगितलं. रझाकार आले तव्हा मोठेआप्पा बळदात उतरले आन् दोन दिवस ज्वारीत बसून राह्यले. बाहेर आले तव्हा कानातनं ज्वारी निघाली, आन् सासूनं ती पुन्हा पाटीत टाकली. रझाकारांना दारातनं माघारी लावलं ते रसूलचाचानं. रसूलचाचा म्हंजी शेजारचा पिंजारी, गाद्या भरायचा. तो दारात उभा राहून म्हणला, घर रिकामं हाय, वाणी पळून गेला, माझा शब्द हाय. त्याला दोन कानाखाली बसल्या, पण तो हालला न्हाई.

सागर म्हणला, "मंग देग?"

"देग त्याच्याच घरची. रझाकारांची कुठली? मंग फौज आली आन् वारं फिरलं. आता दुसरी माणसं काठ्या घेऊन मुसलमानांची घरं हुडकायला लागली. आपलीच. नावं सांगितली तर तुझ्या गावात निम्म्या घरांत जेवण जायचं न्हाई. रसूलचाचा त्या दिवशी शेताकडं गेला तो परत दिसला न्हाई. त्याची बायको आपल्या दाराशी आली. संगं पोरगी, हुसना, माझ्याच वयाची. आमी संगं सागरगोटे खेळायचो. ती बाई म्हणली, आमाला तुमच्या बळदात बसू द्या. अर्ध्या उघड्या दारातनं तिनं आधी देग आत लोटली, कारण तीच तिच्या घरात किमतीची. देग आत आली. माणसं बाहेर राह्यली. दार लागलं."

 मंग काकू म्हणली, "झाकण हुसनाच्या हातात व्हतं, ते बाहेरच गेलं. म्हून देगीला झाकण न्हाई. आन् तुझा आजा सांगायचा, लढाईत हरवलं."

सागरनं खाली मान घातली. काकू म्हणली, "मला पिच्चरचं काय न्हाई. तुला लढाई दाखवायची तर दाखव. पण ती देग मला जिची तिला द्यायचीय, मरायच्या आधी. ती तुझ्या बापाच्या कपाटात हाय. तेवढी काढून दे." एवढं बोलून तिनं खटका वर केला. माझं राह्यलेलं दळण जाडंभरडं झालं, पण मी काय बोलले न्हाई.

बाबूआप्पाला कळायला काय लागतंय. दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीत आला, मागं सागर. गल्ली दारात गोळा झाली. बाबूआप्पा म्हणला, काकू, कमानीवर नाव कोरून झालंय. काकू म्हणली, खाली बळदाचं चित्र काढ. तो म्हणला, खानदानाची इज्जत रस्त्यावर मांडायलीस, गिरणीची जागा माझ्या नावावर हाय हे इसरू नको. काकू म्हणली, मशीन माझी हाय, उचलून म्हशीच्या गोठ्यात नेते, तितं तरी खरं ऐकणारं कुणी हाय. सागर मधी पडला तर बाबूआप्पा त्याच्यावर खेकसला, "गप बे. तुला पुण्याला याच्यासाठी धाडलं का?"

सागर म्हणला, "दादा, मी दार लागायचा सीन करणार. देग लागंल. न्हाई दिली तर पत्र्याची करीन, पण करीन."

 बाबूआप्पानं मंग काय इचार केला देव जाणे. पत्र्याची देग पडद्यावर कशी दिसंल, लोकं हसतील, असंबी वाटलं असंल. संध्याकाळच्याला त्यानं कपाट उघडलं.

सीन मोठ्याआप्पांच्या त्याच घराच्या दारात घेतला. समदं गाव वट्ट्यावर. पिंजाऱ्याची बायको व्हायला एक नाटकातली बाई आलती, हुसना व्हायला आमच्या शाळंतली एक पोरगी, आन् बालपणीची काकू म्हून दुसरी, हिरव्या बांगड्या घातलेली. सागरनं त्या बांगड्यावाल्या पोरीला माजघराच्या कोपऱ्यात उभं केलं. नुसतं रडायचं सांगितलं. मिशीवाला मोठाआप्पा दाराशी. तो दार लावणार आन् अडसर घालणार. अडसर म्हंजी दाराला आतनं लावायचं आडवं लाकूड.

काकू खुर्चीवर बसली व्हती, सागरच्या बाजूला. सीन एकदा झाला. लोकांनी चुकचुक केलं. सागर म्हणला, बरोबर हाय का काकूआजी?

 चाळण हातात नसताना काकूचा हात दोनदा हालला, मी बघितला.

मंग म्हणली, "न्हाई. त्या पोरीला कोपऱ्यातनं काढ. दाराशी आण."

"कावून?"

"सासरा दाराशी आलाच न्हाई. त्याच्या पायात जोर न्हवता. तो बळदाच्या तोंडाशी उभा राहून म्हणला, शेवंते, लाव. देग म्या आत वढली. गोल व्हती, गडगडत आली. हुसनानं हात आत घातलता. म्या तो भाईर लोटला आन् अडसर घातला. माझ्या दोन हातांनी. इतकी वर्सं समद्यांना चाळून सांग म्हणले आन् मपलं सोताचं तेवढं चाळलं न्हाई."

 बाबूआप्पा मोठा आवाजवाला माणूस. तो पुढं आला आन् हळू म्हणला, "काकू, तू नऊ वर्सांची व्हतीस."

"हुसनाबी नऊचीच व्हती," काकू म्हणली. "चल रं सागर, पोरीला शिकव. अडसर जड असतो म्हणावं. दोन्ही हातानं उचलावा लागतो."

पिच्चर तसाच झाला. मिशीवाल्याचं काम कमी झालं म्हून तो रुसला. बाबूआप्पानं कमान थांबवली. काय लोकं म्हणतेत लाजून थांबवली, काय म्हणतेत सिमेट संपलं. मी त्याला विचारलं न्हाई.

आन् देग त्यानं पुन्हा कपाटात ठेवली न्हाई. गिरणीच्या दारात आणून ठेवली, हार काढून. काकूशी बोलला न्हाई. पण टेंपो त्यानंच सांगून ठेवलता.

तव्हा कळलं की काकूला हुसनाचा ठावठिकाणा ठाव व्हता. लई वर्सांपासून. हुसना वडवणीला दिली व्हती, बाजारातल्या रस्त्यालाच तिच्या पोरांचं गादीघर. काकू बाजाराला जायची तव्हा समोरच्या हॉटेलापाशी उभी राहून बघायची आन् माघारी यायची. मला म्हणली, "रस्ता एवढासा. पण लई गाड्या असतेत." म्हणलं, बाजाराच्या दिवशी वडवणीत एसटीबी मुंगीवाणी चालती, कुठल्या गाड्या? तर म्हणली, "तू चाळू नको. तू नुसती संगं चल."

आमी दोघी टेंपोत मागं बसलो. देग मधी, तिच्यात मी माझी पिशवी ठेवली. काकू ऐंशीच्या पुढची, गचके बसले की देगीला कवळा घालायची. गिरणीतनं तशीच आलती, तोंडावर पीठ. म्हणलं, तोंड तरी धुवायचं. म्हणली, वळखू येऊ नये म्हून बरंय.

गादीघराच्या मागं पत्र्याचं घर. हुसना, तिकडं तिला हुसनाबी म्हणतेत, बाजंवर बसलेली, वाळून खारीक झालेली, डोळे मातर टकटक. टेंपोवाल्यानं देग उतरवली, अंगणात ठेवली. हुसनाबीनं आधी देगीकडं बघितलं. मंग काकूकडं. लई येळ बघितलं.

"शेवंता?" म्हणली. "म्हातारी झालीस का पीठ लावून आलीस?"

काकू उभीच. तिला बस म्हणलं तरी बसंना. म्हणली, "देग आणलीय. तुमची. आन् एक सांगायचं राह्यलंय. त्या दिवशी अडसर सासऱ्यानं न्हाई घातला."

हुसनाबी म्हणली, "मला ठाव हाय. फटीतनं हिरव्या बांगड्या दिसल्या व्हत्या. तुझ्या सासऱ्याला कुठल्या बांगड्या? भरायला पायजे व्हत्या, ते सोड."

  हुसनाबीनं सुनंला हाक मारली. म्हणली, खुराड्यावरचं झाकण आण. सुनंनं कोंबड्यांच्या खुराड्यावरचा दगड काढला आन् एक काळंकुट्ट तांब्याचं झाकण आणलं. कोंबड्या अंगणभर झाल्या. हुसनाबी म्हणली, अम्मी हे छातीशी धरून वडवणीपर्यंत चालली, रस्ताभर मला म्हणायची, देग मिळंल, झाकण तरी आपल्यापाशी हाय.

झाकण देगीवर ठेवलं. बसंना. इतक्या वर्सांच्या भंडाऱ्यानं देगीचा काठ वाकडा झालता. एका बाजूला दाबलं की दुसरीकडं उचकायचं. काकूनं दोनदा ठोकून बघितलं, तिसऱ्यांदा मी बघितलं. मंग हुसनाबी म्हणली, "राहू दे. आधी घासा तरी. तुमच्या बुक्क्या-कुकवाचा थर बघ किती. आमच्या बिर्यानीला वास यायचा."

"तुमच्या बिर्यानीच्या देगीत आमच्या मठाच्या भंडाऱ्याची खिचडी शिजलीय," काकू म्हणली. "आख्खं गाव जेवलंय. मला दर वर्सी हसू यायचं."

तव्हा हुसनाबी हसली. दात न्हाईत, नुसतं तोंड हललं. म्हणली, "तू माझे पाच सागरगोटे घेऊन बसलीस, तेबी आण."

ती माफ केलं म्हणली न्हाई. काकूनंबी माफी मागितली न्हाई. मी आपलं जे झालं ते सांगते.

काकू त्या दिवशी माघारी आली न्हाई. हुसनाबी म्हणली, चार दिवस राहा, रस्ता लई लांब वाटला असंल. ती राह्यली. पाचव्या दिवशी सकाळी बाजंवरच गेली, चहा पिऊन. बाबूआप्पानं जाऊन आणली. आमच्याकडं त्यांच्यात बसवून पुरतेत, तशी बसवली. गिरणी त्यानं बंद केली न्हाई. आपल्या पोरीला ती चालवायला शिकवली.

पण मी तिला शेवटचं बघितलं ते त्या अंगणात. माझी एसटी चुकायला आलती, मी निघाले आन् फाटकाशी थांबून माघारी बघितलं. काकू उकिडवी बसून राखंनं देग घासत व्हती. हुसनाबी बाजंवरनं सांगत व्हती, तिकडं राह्यलं, तिकडं, डोळं फुटले का. काकूनं घाम आला म्हून पदर पाण्यात बुडवला आन् समदं तोंड पुसलं, कपाळ, गाल, भिवया. पीठ गेलं.

भिवया तशाच पांढऱ्या राह्यल्या. इतकी वर्सं मी त्याला पीठ समजत व्हते.